दहा मिलिमीटर

अकरा खोकी आली जळगावहून, टेम्पोने,
एकाचा कोपरा चेपलेला.
तीन दिवस खोलीत नुसती आडवी ठेवा, पत्रकात लिहिलेलं,
म्हणजे लाकूड घराला सरावतं.
तीन दिवस आम्ही वळसा घालून वावरलो,
खोक्यांवरच ताट मांडून कळण्याची भाकरी खाल्ली.
मे महिना, भुसावळ, सेहेचाळीस.
मला सरावायला दोन वर्षं लागली होती,
आणि मी तर इथलीच.

युनूसभाई सुतार येऊन बघून गेले.
फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला.
"ताई, हे लाकूड नाही, पुस्तक आहे.
वर सागाचं एक पान, खाली सगळी भरती."
हात लावणार नाही म्हणाले,
पण करवत ठेवून गेले.
"वायर सोललीय एका ठिकाणी. जपून."

खाली जुनी शहाबादी.
पातळी ठेवली तर बुडबुडा दाराकडे पळाला.
काचेची गोटी सोडली,
ती कुणी न ढकलता
खिडकीपासून निघून कपाटाखाली गेली.
लहानपणी वाटायचं, कपाट वस्तू ओढून घेतं:
खोडरबर, कानातलं, आईची सुई.
चाळीस वर्षांनी कळलं,
उतार होता.

मग सिमेंटचा लेप, मग वाळण्याची वाट,
मग फोम, तोंडाला सेलोटेप लावलेला,
आणि पहिली ओळ.
जीभ माझ्याकडे, खाच भिंतीकडे,
मध्ये दहा मिलिमीटर मोकळे.
कॅरमची सोंगटी अधिक पुठ्ठ्याचा तुकडा,
भिंतीला पाठ टेकवून उभ्या केल्या सगळ्या.
राणी खिडकीपाशी.

दादा खुर्चीत.
एकतीस वर्षं कीमन, भादली ते भुसावळ पायी,
खांद्यावर हातोडा.
"जागा सोळ व माय. उन्हायात रूळ लांबते.
जागा नसली तं वाकते, मंग गाळी पडते."
"दादा, लाकूड उन्हानं नाही फुगत. ओलीनं फुगतं."
ते कूलरकडे बघत राहिले.
खस भिजून टपटपत होता,
खोलीभर ओला वारा.
"मंग याले इचार," म्हणाले.
मी उठून कूलर बंद केला.
दहा मिनिटांनी दोघेही घामाने निथळत,
मी उठून चालू केला.
आणि सोंगट्यांमागे
आणखी एकेक पुठ्ठा सरकवला.

सांध्यासमोर सांधा येऊ द्यायचा नाही.
एका ओळीची फळी संपते
तिथे शेजारच्या ओळीने अखंड असायचं.
हे दादांना सांगावं लागलं नाही.
ठोकळा, हातोडी, टक्.
जीभ खाचेत बसली की आवाज बदलतो,
डबीचं झाकण लागल्यासारखा.
नाही बसली तर लाकूड तक्रार करतं,
मी आणखी जोरात मारते,
आणि कड फुटते.

सातव्या ओळीत शेवटची फळी उलटी मोजली.
कापून झाल्यावर लक्षात आलं,
लागणारी बाजू हातात नव्हती, भुशात पडली होती.
मी तशीच बसले, मांडीवर सागाचं पान.
नाशिकचं सगळं आठवायला
अशी एक फळी पुरते.
दादांनी काही विचारलं नाही.
काठीने तो तुकडा ओढून घेतला,
कूलरच्या डगमगत्या पायाखाली सारला.
बसला अगदी.

"फरशी असतांनी फळ्या कायले?"
दारातून कुसुमताई भारंबे.
"थंडीत पाय गारठतात यांचे," मी म्हटलं,
सेहेचाळीसमध्ये.
त्या हसल्या, दादाही हसले.
खरं कारण मलाही नीट सांगता आलं नसतं.
एखादी गोष्ट पहिल्या ओळीपासून
आपण मांडून बघावी, इतकंच असेल.

रविवारी शेवटची ओळ, लांबीत चिरून, जेमतेम चार बोटं.
सोंगट्या काढल्या. अठरा निघाल्या.
उभ्या केल्या होत्या एकोणीस.
कडेची पट्टी अजून आलेली नाही,
भिंतीलगत ती फट उघडी आहे चारी बाजूंनी,
तिच्यात कुठेतरी एक काळी सोंगटी.

गोटी ठेवून बघितली मध्यभागी.
जिथे ठेवली तिथेच राहिली.
मला जरा चुकल्यासारखं झालं.

रात्री जाग आली, टक्, टक्.
दादा अंधारात, अनवाणी,
काठीने फळी न् फळी वाजवत
भिंतीकडून भिंतीकडे चाललेले,
प्रत्येक ठोक्यानंतर मान कलती.
कपाटापाशी थांबले.
"इथी पोकळ वाजते."
मी उठून खडू शोधला.